जुन्या घरातला उन्हाळा आणि हिवाळा : नागपूरच्या वाड्यात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी या भागांतला वडिलोपार्जित वाडा वाटणीत आपल्याकडे येतो, धंतोलीतला जुना बंगला भाड्याने मिळतो किंवा सिव्हिल लाइन्समधल्या उंच छताच्या घरात बदलीनिमित्त राहायला जावे लागते, तेव्हा मार्च संपता संपता नव्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘एसी किती टनाचा घ्यावा?’ या लेखात हा प्रश्न मुद्दाम शेवटून दुसऱ्या पायरीवर ठेवला आहे. जाड भिंती, मधला चौक, ओसरी, रोशनदाने (भिंतीत छताजवळ असलेले झरोके) आणि कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या छपराखालचा माळा ही मिळून घर गार ठेवण्याची एक जुनी व्यवस्थाच आहे, आणि बहुतेक घरांत ती कोणीतरी कधीतरी मोडून ठेवलेली असते. ती आधी दुरुस्त केली, तर यंत्र लहान लागते, विजेचे बिल कमी येते आणि घराच्या लाकूडमातीला इजा होत नाही. उलट क्रमाने गेल्यास दीड टनाचा एसी दिवसभर चालतो, खोली गार होत नाही आणि दोन पावसाळ्यांनंतर भिंतीचा गिलावा फुगतो. हे दोन्ही प्रकार मी स्वतःच्या घरात भोगले असल्याने पुढचे विवेचन थोडे सावध सुरात वाटल्यास वाचकांनी समजून घ्यावे.

पहिली पायरी : एक संपूर्ण दिवस घर पाहावे

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी तीन-चार साधे तापमापक आणावेत. आर्द्रताही दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र मिळाल्यास अधिक बरे. एक चौकातल्या सावलीत, एक माजघरात, एक माडीवरच्या खोलीत आणि एक पश्चिमेकडच्या खोलीत टांगून एप्रिलमधल्या एखाद्या कडक दिवशी सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सात आणि रात्री अकरा या वेळांचे आकडे वहीत लिहून काढावेत. आमच्या घरी एका मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४४ अंश होते, त्या वेळी तळमजल्याच्या माजघरात ३५ आणि वरच्या टिनाच्या खोलीत ४६, म्हणजे बाहेरच्यापेक्षाही दोन अंश अधिक. एकाच घरात अकरा अंशांचा फरक दिसल्यावर कोणत्या खोलीवर पैसा खर्च करायचा आणि कोणती खोली उन्हाळ्यापुरती सोडून द्यायची, हे कोणाला विचारावे लागले नाही.

या फरकाचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. दीड-दोन फूट जाडीच्या विटामातीच्या किंवा दगडी भिंतीतून दुपारची उष्णता आतल्या बाजूला पोहोचायला दहा-बारा तास लागतात. ती पोहोचते तेव्हा मध्यरात्र झालेली असते, आणि त्या वेळी खिडक्या उघड्या असतील तर ती बाहेर निघून जाते. टिनाला अशी जाडीच नसल्याने त्याच्याखालची खोली सूर्याबरोबर तापते. स्लॅबचे वागणे या दोहोंच्या मधले आहे: दिवसभर ऊन पिऊन तो ऐन झोपण्याच्या वेळी खोलीत उष्णता सोडतो, आणि स्लॅबच्या घरातली माणसे रात्री नऊ वाजता पंख्याखाली घामाघूम होतात ती म्हणूनच.

याच दिवशी घर कशाचे बांधले आहे, हेही पाहून ठेवावे. गिलाव्याचा एखादा निखळलेला कोपरा थोडा खरवडला, तर आत मातीची जुडाई (विटा किंवा दगड जोडणारा मसाला) आहे, चुन्याची आहे की सिमेंटची, हे कळते. पुढच्या प्रत्येक निर्णयात ही माहिती लागते. घर महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, याचीही चौकशी याच टप्प्यावर करावी. यादीतल्या वास्तूंना श्रेणी १, २ आणि ३ अशा श्रेण्या असतात आणि दर्शनी भागात बदल करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. दर्शनी सज्ज्याखाली एसीचा बाहेरचा डबा लटकवणे हादेखील बदलच आहे. घरात भाडेकरू असतील किंवा चौक भावकीत सामाईक असेल, तर संमती आधी आणि तीही लेखी घ्यावी. उन्हाळ्याच्या तोंडावर काढलेली भांडणे पावसाळ्यातही मिटत नाहीत.

दुसरी पायरी : छप्पर

आमच्या घरी कामाला आलेल्या एका वृद्ध मिस्त्रीने पहिल्याच दिवशी वर पाहून सांगितले होते, “भाऊ, भिंत नाही तापत, वरचं टिन तापते. तिकडे पैसे घाला.” त्या वर्षी मी ते ऐकले नाही. ऐकले असते, तर एका एसीचे पैसे वाचले असते.

छप्पर कवेलूंचे असेल, तर ते शक्यतो काढू नये. देशी कवेलूंच्या किंवा मंगलोरी कौलांच्या फटींतून हवा खेळत असल्याने माळ्यात साठलेली उष्णता वरच्या वर निघून जाते, आणि माळ्याची लाकडी पाटई खालच्या खोलीला छत्रीसारखी राखते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वीची शाकारणी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कवेलू फेरणे, आता माणसे मिळत नाहीत म्हणून टाळली जाते, आणि मग गळतीला कंटाळून लोक कवेलू उतरवून टिन टाकतात. मजुरीचा हिशेब कागदावर पटण्यासारखा असला, तरी त्या दिवसापासून वरचा मजला उन्हाळ्यात राहण्यायोग्य उरत नाही. गळतीच थांबवायची असेल, तर कवेलूंखाली जलरोधक कापड अंथरून वर पुन्हा तीच कवेलू बसवता येतात. मात्र वळचणीला आणि आढ्याला हवेसाठी फट राहिली आहे, याची खात्री काम चालू असतानाच करून घ्यावी, कारण नंतर ती दिसत नाही.

टिन आधीच पडलेले असल्यास तीन उपाय एकत्र करावेत. वरून पांढरा परावर्तक रंग द्यावा. टिनाखाली निदान सहा ते नऊ इंच पोकळी सोडून छत बसवावे. त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी लावून हवेची वाट ठेवावी. छतासाठी रॉकवूलचे (दगडी तंतूंचे) थर उत्तम. खर्च झेपत नसेल, तर बांबूचे दुहेरी तट्टेही चांगले काम देतात आणि विदर्भात ते सहज मिळतात. पोकळी चारी बाजूंनी बंद केली, तर तिच्यात कोंडलेली हवा तापत राहते आणि निम्मा फायदा जातो. थर्माकोलची पत्रे चिकटवून मोकळे होण्याचा स्वस्त मार्ग अनेकजण सुचवतात. ती पत्रे लवकर पेट घेतात आणि जळताना दाट धूर सोडतात, त्यामुळे जुन्या लाकडी तुळयांच्या घरात त्यांना स्थान नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागच्या बाजूला नंतर टाकलेला स्लॅब अनेक वाड्यांना असतो. त्यावर होळीनंतर चुन्याची सफेदी करावी. कळीचा चुना मोठ्या पिंपात रात्रभर भिजवून गाळून घ्यावा, त्यात थोडा पांढरा गोंद मिसळावा आणि संध्याकाळी, स्लॅब ओलसर करून, कुंच्याने उभे-आडवे दोन-तीन हात द्यावेत. चुना विरघळताना पाणी उकळते आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून चष्मा व हातमोजे घातल्याशिवाय पिंपाजवळ जाऊ नये आणि मुलांना तर गच्चीवर येऊच देऊ नये. काळवंडलेला आणि पांढरा स्लॅब यांच्या पृष्ठभागांत मेच्या दुपारी दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. अनवाणी पाय ठेवून पाहिले, तरी हा फरक कळतो. सफेदी एका पावसाळ्यात धुऊन जाते आणि दरवर्षी करावी लागते. ज्यांना हे नको असेल, त्यांनी एकदाच ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून वर पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझॅक बसवावे, परंतु जुन्या स्लॅबला आणि त्याखालच्या भिंतींना तेवढे वजन पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. उन्हाळ्यात सिग्नलवर सावलीसाठी बांधतात ती हिरवी जाळी गच्चीवर बांधणेही उपयोगी आहे, फक्त ती स्लॅबपासून माणूसभर उंच असावी. स्लॅबला टेकलेली जाळी स्वतः तापून उष्णता खाली देते.

गच्चीवर संध्याकाळी पाणी मारण्याची आपल्याकडची जुनी सवय गुणकारी असली, तरी मे महिन्यात नळाला पाणी बेताचे असते. तेच पाणी कूलरमध्ये घातले, तर त्याचा उपयोग अधिक होतो.

तिसरी पायरी : दारे-खिडक्यांचे वेळापत्रक

या पायरीला पैसे लागत नाहीत, म्हणून बहुधा ती कोणी गांभीर्याने घेत नाही. मे महिन्यात नागपुरात पहाटेचे तापमान साधारणपणे २८ ते ३० अंशांपर्यंत उतरते, आणि जुन्या घराच्या भिंती गार करून घेण्याची वेळ तेवढीच असते. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली, की माडीच्या खिडक्या, रोशनदाने आणि चौकाकडची दारे उघडावीत. तापमापक असल्यामुळे ही वेळ अंदाजाने ठरवावी लागत नाही. आतली गरम हवा जिन्यावाटे आणि वरच्या झरोक्यांतून बाहेर पडते आणि चौकात उतरलेली गार हवा खालून आत येते. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास, उन्हाची तिरीप सज्ज्यावर येण्यापूर्वी, सर्व झडपा लावून घ्याव्यात. दिवसभर घर अंधारे राहते, पाहुणे ‘घरात कोणी नाही का?’ असे विचारतात, पण माजघरातला ३५ चा आकडा या अंधारातूनच येतो.

पडदे आतून लावण्यापेक्षा बाहेरून बांबूच्या चिका सोडणे अधिक परिणामकारक आहे, कारण काचेच्या आत आलेले ऊन पडद्याने अडवले, तरी उष्णता खोलीतच राहते. पश्चिमेच्या खिडक्यांना आणि ओसरीच्या खांबांमधल्या मोकळ्या जागांना आधी चिका लावाव्यात. ओसरीवर बंगई (झोपाळा) टांगलेली असेल, तर दुपारी चारनंतर घरातली सर्वांत सुखाची जागा तीच होते.

उंच छताच्या खोल्यांत पंखा छताला चिकटून असतो आणि वरच्या वर हवा घुसळत राहतो. लांब दांडी लावून पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर आणावीत. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, तर नवा बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा तीसेक वॅटमध्ये तेच काम करतो. पंख्याने खोलीचे तापमान उतरत नाही, केवळ घाम वाळतो. त्यामुळे खोलीचे तापमान ४० च्या आसपास गेल्यावर नुसत्या पंख्याखाली म्हाताऱ्या माणसांना बसवून ठेवणे धोक्याचे आहे. त्यांना तळमजल्यावरच्या गार खोलीत हलवावे.

चौथी पायरी : वायरिंग

जुन्या घरांत लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या, कापडाचे किंवा रबराचे आवरण असलेल्या वायरी अजूनही आढळतात. त्या दिव्यांसाठी आणि पंख्यांसाठी टाकल्या होत्या. आवरण वाळून तडकले असते आणि अर्थिंग एक तर नसते, नाही तर नळाच्या पाइपाला बांधलेले असते. कूलरचा लोखंडी डबा, पाणी आणि ओले हात ही तिन्ही एकत्र येतात, म्हणून विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. त्यामुळे कूलर घेण्यापूर्वीच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा, मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि कूलरसाठी तीन पिनांचे वेगळे सॉकेट करून घ्यावे. दीड टनाच्या एसीसाठी बोर्डापासून थेट ४ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढल्यास वीज तोडणारा स्विच) हवी. वीजबिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. एसी, गीझर आणि हीटर यांची बेरीज त्याच्या वर जात असेल, तर भार वाढवून घेण्याचा अर्ज फेब्रुवारीतच करावा, एप्रिलमध्ये नव्हे.

नव्या वायरी भिंत फोडून आत गाडण्याचा आग्रह कारागीर धरतात. मातीच्या जुडाईच्या भिंतीत चर खणू नये, वायरी पाइपातून बाहेरूनच न्याव्यात. दिसायला जरा कमी बरे दिसले, तरी भिंत शाबूत राहते.

पाचवी पायरी : कूलर

नागपूरच्या हवेला कूलर जितका मानवतो, तितका तो मुंबईला कधीच मानवणार नाही, आणि याचे कारण आर्द्रतेत आहे. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ अधिक आणि गारवाही अधिक. मेच्या दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना कूलरच्या ओल्या ताटीतून (बाजूला बसवलेल्या गवताच्या पडद्यातून) आलेली हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि चांगला कूलर त्यातला तीन-चतुर्थांशाहून अधिक पल्ला गाठून २७-२८ अंशांची हवा देतो. जुलैत ३१ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असते, तेव्हा तोच कूलर जेमतेम दोन-अडीच अंश उतरवतो आणि अंथरूण दमट करतो. म्हणून होळी ते मृग हा कूलरचा हंगाम आहे, आणि नवतपा, म्हणजे २५ मेपासूनचे नऊ दिवस, हा त्याच्या कसोटीचा काळ.

आकार ठरवण्यासाठी खोलीचे घनफळ काढावे. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि बारा फूट उंच खोलीचे घनफळ १७२८ घनफूट होते. त्याच्या निम्मे, म्हणजे मिनिटाला सुमारे ८६५ घनफूट हवा देणारा कूलर पुरतो. दुकानात हा आकडा ताशी घनमीटरमध्ये सांगतात, तो येथे सुमारे १५०० येईल. फ्लॅटमधल्या दहा फुटी छताच्या हिशेबाने विकलेला कूलर वाड्याच्या चौदा फुटी खोलीत अपुरा पडतो, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे, आणि दोष कूलरचा नसतो.

नवा माणूस हमखास चुकतो ते हवेच्या परतीच्या वाटेत. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेव्हा तितकीच हवा खोलीतून बाहेर पडायला हवी. समोरच्या बाजूची खिडकी किंवा रोशनदान उघडे नसेल, तर अर्ध्या तासात खोली चिकट होते आणि लोक ‘कूलर काम करत नाही’ म्हणून पंपाला दोष देतात. एक सोपी परीक्षा आहे: समोरच्या उघड्या खिडकीत एक पातळ कागद धरावा. कूलर चालू असताना तो बाहेरच्या बाजूला फडफडला पाहिजे. जुन्या घरांत समोरासमोर दारे एका रेषेत असल्यामुळे एका कूलरची हवा माजघरातून जाऊन पुढे ओसरीपर्यंत पोहोचवता येते, आणि कोणते दार किती उघडे ठेवायचे, हे दोन-तीन दिवसांत हाताला कळते.

कूलर सावलीत, शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीबाहेर, स्वतंत्र लोखंडी स्टँडवर ठेवावा. मातीच्या जुडाईच्या भिंतीला त्याचे वजन टांगू नये आणि टाकीचे गळणारे पाणी जोत्यात मुरू देऊ नये. खाली पसरट ट्रे ठेवून पाणी नळीने झाडांना सोडावे.

ताट्यांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. वाळ्याच्या ताट्यांचा सुगंध आणि गारवा अप्रतिम असतो, परंतु त्या महाग असतात आणि एका हंगामात गळतात. वूडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताट्या स्वस्त आहेत आणि गल्लीत हातगाडीवर मिळतात, पण महिन्या-दीड महिन्यात त्यांचे गवत खाली बसून वरच्या बाजूला भगदाड पडते आणि तेथून गरम हवा थेट आत शिरते. जूनमध्ये कूलरची हवा अचानक गरम वाटू लागली, तर प्रथम ताटीचा वरचा चौथाई भाग उजेडासमोर धरून पाहावा. जाड हनीकोम्ब पॅड दोन-तीन हंगाम टिकतात. बोअरवेलचे पाणी असेल, तर त्यांवर पांढरे क्षार जमतात आणि भोके बुजतात, म्हणून टाकीतले पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदलावे.

पाण्याचा हिशेब आधीच करून ठेवावा. ताशी तीन हजार घनमीटर हवा देणारा मोठा कूलर भर दुपारी तासाला सुमारे वीस लिटर पाणी पितो. रात्री ही गरज बरीच कमी होते. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, उन्हात वाळवावी, कारण डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढलाच पाहिजे. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः कामाला येणाऱ्या मावशींना, हे स्वतः करून दाखवावे.

सहावी पायरी : एसी, आणि तोही एकाच खोलीत

पावसाळ्याच्या सुरुवातीचे दमट दिवस, आजारी माणूस, तान्हे मूल किंवा दम्याचा त्रास, अशा कारणांसाठी एसी लागतो आणि त्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही. मात्र पूर्ण वाडा गार करण्याचा विचार सोडून द्यावा. तळमजल्यावरची, दोन बाजूंनी इतर खोल्या असलेली, वर मजला असलेली एक खोली निवडावी आणि तेवढीच नीट बंद करावी. कवेलूंखालच्या खोलीत एसी लावणे म्हणजे चाळणीत पाणी भरणे होय.

खोलीची उंची बारा-चौदा फूट असेल, तर नऊ-साडेनऊ फुटांवर हलके छत बसवल्यास गार करायची हवा चौथाईने कमी होते. हे छत जुन्या तुळयांना खिळे न ठोकता, भिंतीच्या कडेने उभ्या केलेल्या चौकटीवर टेकवावे, म्हणजे उद्या काढता येते आणि तुळयांना वाळवी लागली आहे का, हे पाहण्यासाठी एक झाकणही ठेवता येते. रोशनदाने विटांनी बुजवू नयेत. लाकडी फळीला कडेने रबर लावून ती हंगामापुरती बसवावी आणि मृग सरल्यावर काढावी. दारांच्या खालच्या फटींना ब्रशच्या पट्ट्या लावाव्यात.

टन हे वजनाचे माप नसून उष्णता काढून घेण्याच्या क्षमतेचे माप आहे. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. लेबलावरची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान असताना मोजलेली असते, आणि नागपुरात एसीची खरी गरज लागते तेव्हा बाहेर ४५ असते. त्या वेळी तेच यंत्र कमी गारवा देते आणि वीज अधिक खाते. म्हणून दुकानात लेबलावरच्या वीजबचतीच्या ताऱ्यांबरोबरच ‘किती अंशांपर्यंत चालतो’ हे विचारावे आणि ५० अंशांच्या वर चालण्याची हमी लेखी असलेले इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारे) यंत्र घ्यावे. जानेवारी २०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर लावून येतात. जाड भिंतींच्या खोलीत ते २६ वर ठेवून संथ पंखा लावला, तर झोप तितकीच चांगली लागते.

बाहेरचा डबा कोठे ठेवावा, याबाबत माझी चूक सांगतो. जागा मोकळी आणि दर्शनी भागापासून दूर म्हणून मी तो चौकात बसवून घेतला. चारी बाजूंनी भिंती असलेल्या चौकात वारा फिरत नाही. डब्याने फेकलेली गरम हवा तेथेच साठू लागली, डबा तीच हवा पुन्हा ओढू लागला, आणि ज्या चौकामुळे घर रात्री गार होत होते, तो चौकच रात्री अकरा वाजता गल्लीपेक्षा अधिक तापलेला सापडला. शेवटी तो परसात, जमिनीवर सिमेंटच्या ठोकळ्यांवर, वर पत्र्याची सावली करून हलवला. पाइपाची लांबी वाढली, पण चौक परत मिळाला. भिंतीवरचा ब्रॅकेट मातीच्या जुडाईत थरथरीने सैल होतो, म्हणूनही जमीनच बरी.

पाइपांसाठी भोक पाडायचे तर रोशनदानाच्या चौकटीतली एखादी फळी बदलून त्यातून पाइप न्यावेत. तुळई, खांब आणि कोरीव चौकट यांना हात लावू देऊ नये. दमट दिवसांत एसीतून तासाला लिटरभर किंवा अधिक पाणी निघते. बसवणाऱ्या माणसाने आमच्याकडे त्याची नळी भिंतीलगत तशीच सोडून दिली होती, आणि दोन महिन्यांत जोत्याची माती भिजून भिंतीच्या पायथ्याशी ओल चढली. त्यावर एका कंत्राटदाराने सिमेंटचा गिलावा करून दिला. सिमेंटमुळे आतली ओल बाहेर पडेना, ती वर सरकत गेली आणि दुसऱ्या पावसाळ्यात हाताएवढे फुगवटे येऊन गिलावा मातीसकट कोसळला. नळी न्हाणीच्या मोरीपर्यंत नेणे आणि जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा देणे, ही दोन वाक्ये कराराच्या कागदावर लिहून घ्यावीत.

सातवी पायरी : हिवाळा

नागपूरचा हिवाळा लहान असला, तरी डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली जातो, आणि २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. या दिवसांत खिडक्यांचे वेळापत्रक उलटे करावे: दक्षिणेकडच्या खिडक्या सकाळी दहा ते दुपारी चार उघड्या ठेवून ऊन आत घ्यावे आणि सूर्य कलण्यापूर्वी सारे लावून घ्यावे. उन्हाळ्यात लावलेल्या चिका गुंडाळून ठेवाव्यात. फरशी फार गार पडते, तेथे सतरंजी अंथरली, तरी खोली बदलल्यासारखी वाटते.

उंच खोलीत हीटरची उष्णता छताकडे जाते, त्यामुळे हवा तापवणाऱ्या ब्लोअरपेक्षा माणसाला थेट ऊब देणारा हॅलोजन हीटर पलंगाजवळ ठेवणे अधिक योग्य. दोन हजार वॅटचा हीटर १६ अँपिअरच्या सॉकेटशिवाय लावू नये आणि तो मच्छरदाणी, वाकळ व लाकडी पाटईपासून किमान तीन फूट दूर असावा. कोळशाची शेगडी ओसरीवर, उघड्यावर शेकण्यासाठी ठीक आहे. बंद खोलीत ती रात्री ठेवल्यास वास न येणारा कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि झोपलेली माणसे पुन्हा उठत नाहीत.

नवा एसी घ्यायचाच असेल, तर गरम-थंड दोन्ही करणारा पाहावा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढत असल्याने एका युनिट विजेत साध्या हीटरच्या सुमारे तिप्पट ऊब देतो, आणि नागपूरच्या आठ-दहा अंशांच्या रात्री त्याला मुळीच जड नाहीत. बंद केलेली खोली, बसवलेले छत आणि फटींच्या पट्ट्या तेव्हाही तशाच उपयोगी पडतात. फक्त रोशनदानाची फळी हीटर किंवा एसी चालू असताना ताज्या हवेसाठी बोटभर सरकवून ठेवावी.